मोगऱ्याचे केसपेपर

माझ्याशी सौद्यात आजवर एकच माणूस जिंकला आहे, आणि त्या माणसाने सौदा केलाच नव्हता. ते म्हणजे आमचे साडूभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर माणसांना औषध देणं सुटलं, पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत फांद्यांचा दवाखाना उघडला. नेरमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. लोकांकडे जिथे सोफा असतो तिथे यांच्याकडे रेतीने भरलेले प्लास्टिकचे ग्लास, प्रत्येक ग्लासात वीतभर काडी, काडीवर पारदर्शक पिशवी, आणि पिशवीला टाचणीने लावलेला केसपेपर. 'रुग्ण : जास्वंद, पिवळी. दिवस नववा. पान ताठ. घाम बरा.' घाम म्हणजे पिशवीच्या आत जमलेलं दव.

काडी कापायचं ब्लेड ते आधी उकळून घेत. काडीवर दोनच पानं ठेवत, तीही कात्रीने अर्धी करून. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुळं नाई अजून बिचारीले. एवढा मोठा खटला पोसन कशी?" ज्या घरात माणसांसाठी एकाच वेळी दोन दिवे लागत नसत, तिथे काड्यांवर पहाटेपासून ट्यूबलाइट चालू. उन्हाळ्यात कूलरचं तोंड काड्यांकडे. फुलसावंगीहून आलेल्या मामांनी घामाघूम होऊन कूलर जरासा आपल्याकडे वळवला, तर साडूभाऊंनी तो शांतपणे पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "मामा, तुमाले मुळं हायेत. तुमी सहन करू शकता." भारनियमनाच्या वेळी त्यांच्याकडे गेलेल्या पाहुण्याला पाण्याचा ग्लास नंतर मिळे, आधी हातात फवाऱ्याची बाटली येई.

आता माझी तक्रार सांगतो. ती जुनी आहे, पण मी ती अजून मागे घेतलेली नाही.

कापसाची ती वर्षं वाईट होती. भाव पडलेले, बोंडं अळीने खाल्लेली, आवक अर्ध्यावर. मी सायकलवर तागडी बांधून गावोगाव कापूस घेत वर आलेला माणूस. हात बांधून बसणं मला जमत नाही. अंगणात सिमेंटचा ओटा टाकून मोठा काटा बसवायचा आणि गाड्या थेट दारात आणायच्या, असं मी ठरवलं. कोपऱ्यात एक मोगरा होता. भाड्याच्या एका खोलीत राहत होतो तेव्हा बायकोने तो तेलाच्या डब्यात लावला होता आणि तीन घरं बदलताना मांडीवर घेऊन आणला होता. ती बहिणीकडे गेलेली असताना मी मजुरांकडून तो खणून काढला. कुदळीने तुकडे झाले आणि ढीग दिवसभर उन्हात पडला.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी बोलेना. जेवण गरम, कपडे धुतलेले, शब्द एकही नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणायची, "साखर संपली." मीही कॅलेंडरकडे पाहून "आणतो" म्हणायचो. पावलीसाठी दिवसभर भांडणारा मी, पण कॅलेंडरशी घासाघीस कशी करायची ते मला कळेना.

मोगरा खणला त्याच संध्याकाळी साडूभाऊ येऊन ढिगातल्या जिवंत काड्या कापून घेऊन गेले, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. मी तसाच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "माझ्या अंगणातला माल हाय, साडूभाऊ! निदान विचाराचं तरी!"

"विचारलं ना," ते म्हणाले. "तिले विचारलं."

मी आवाज उतरवला. एक काडी द्या, म्हणाल तो भाव देतो, म्हटलं. ते फवारा मारत राहिले. मी भाव वाढवला. ते पिशवी बांधत राहिले. मी ओरडलो, तेव्हा ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "पेशंटजवळ गोंगाट नाई."

आणि आठवड्याने हाच माणूस माझ्या हातात आपल्या घराची किल्ली ठेवून, मुलीच्या बाळंतपणासाठी मावशींना घेऊन ढाणकीला निघाला. मावशी म्हणजे त्यांची बायको. साऱ्या गल्लीची मावशी. "खिडकीजवळ दहा ग्लास हायेत, मोगऱ्याचे," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा फवारा. पाच मिनिटं पिशवी उघडी. अन् ओढून पाहाचं नाई." शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडून.

पण ढिगाच्या पोटात हात घालून, चिमूट उपसून, दोन अंगठ्यांत धागा ताणून पाहिल्याशिवाय मी जन्मात कापूस घेतलेला नाही. कापूस नेरचा की ढाणकीचा, ते मी डोळे मिटून चिमटीत सांगतो. न पाहिलेल्या मालावर विश्वास ठेवायचा कसा? तीन दिवस दम धरला. चौथ्या दिवशी एकच काडी ओढली, नमुना म्हणून. मूळ नव्हतं. परत खोवली. पण एका नमुन्यावरून ढीग कळत नाही, म्हणून पाचव्या दिवशी दोन ओढल्या. दहाव्या दिवसापर्यंत दहाही काड्या पाहून झाल्या होत्या, काही दोनदा. पानं गळली. मी केसपेपरवर 'पान ताठ' असं लिहीत राहिलो. मग तेही लिहवेना. कूलर काड्यांकडे वळवून मी त्या खोलीत घाम पुसत बसायचो आणि शेवटच्या हिरव्या काडीला म्हणायचो, "धर वो माय, मूळ धर." घरी गेलो की समोर कॅलेंडर होतंच.

पंधराव्या दिवशी साडूभाऊ नातीचे पेढे घेऊन परतले. दहा सुकलेल्या काड्या पाहिल्या. "रेतीच खराब होती तुमची!" मीच आधी आवाज चढवला. खिशातून पेन काढून त्यांनी केसपेपरवर लिहिलं : 'मृत्यूचं कारण : नातेवाइकांची काळजी.' मग म्हणाले, "चला, तुमच्या घरी चहा घेऊ."

आमच्या घरी ते सरळ स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या डब्यांमागे, खिडकीच्या जाळीपाशी, लोणच्याच्या काचेच्या चार बरण्या उपड्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीखाली एक ग्लास, ग्लासात अर्ध्या पानांची काडी, आणि ग्लासाच्या पारदर्शक बुडाशी पांढरे, सुतासारखे धागे. मी पंधरा दिवस त्यांच्यापासून चार हातांवर जेवत होतो.

"मंग तिकडे काय होतं?" मी विचारलं.

"मेंदी. कुंपणाची."

चिमटीत गाव ओळखणारा मी पंधरा दिवस मेंदीला मोगरा समजत होतो. माझं डोकं फिरलं. "मले काहून फसवलं?"

"तुमच्या हाताले काही तरी द्याच लागते, साडूभाऊ. नाई तं तुमी हे शोधून काढलं असतं."

"अन् उपटून पाहिलं असतं," बायको म्हणाली. कॅलेंडरकडे नाही, माझ्याकडे पाहून. इतक्या दिवसांनी मिळालेला पहिला शब्द, तोही टोमणा. पण मी घासाघीस न करता तो घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्याचा कोपरा फोडला. काटा सरकवावा लागला; गाडी वळवताना शेतकरी अजून मला शिव्या देतात. मोगरा आता खिडकीच्या वर गेला आहे.

पुढे साडूभाऊ कायमचे मुलीकडे ढाणकीला गेले. त्यांच्या त्या खोलीत आता भाडेकरूंचा सोफा आहे. हात थरथरतो, त्यामुळे ब्लेड धरवत नाही, असं ते फोनवर म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या मोगऱ्याची काडी भेटन का?" भाव विचारला नाही. मीही सांगितला नाही.

बायकोने ब्लेड उकळलं, पानं अर्धी केली, पिशव्या बांधल्या. एसटीत दोन ग्लास मांडीवर घेऊन मी ढाणकीपर्यंत गेलो. पिशव्यांना घाम चांगला आला होता. वाटेत एकदाही ओढून पाहिलं नाही. उमरखेड सोडल्यावर फक्त एकदा बोट लावलं, हळूच. ते त्यांना सांगू नका.