खालून वर वाचायचं

आरिस्तिद लाकुमने आयुष्यभर सरळ रेघा मारल्या. हे कौतुक नाही, तो त्याचा धंदाच होता. जिल्ह्याच्या रस्तेखात्यात चौतीस वर्षं डांबरावर पांढरे पट्टे ओढण्याचं काम. आमच्या खोऱ्यात त्याच्या पट्ट्यांमुळे एकही गाडी दरीत गेली नाही, असं तो स्वतःच सांगतो. ज्या गेल्या त्यातलं कुणी खोडून काढायला परत आलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं टोमॅटो लावतात. याने जुलैतली सायकल शर्यत मनाला लावून घेतली. आर्तिगाच्या घाटातून शर्यत जाणार असली की हा चार दिवस आधी सातव्या वळणावर हजर. दोरी, खडू, लांब दांड्याचा रोलर, चुन्याच्या रंगाच्या बादल्या आणि गुडघ्याखाली घ्यायला त्याच्या बायकोने, जिनेटवहिनींनी, शिवलेली उशी. रस्त्यावर सायकलवाल्यांची नावं लिहायची. नावं सगळेच लिहितात, पण लोकांची अक्षरं म्हणजे गाय घसरल्यासारखी. आरिस्तिदचं एकेक अक्षर तीन मीटर लांब ताणलेलं. उभ्याने पाहिलं तर भूत वाटतं. सायकलवरून वाकून पाहिलं तर छापल्यासारखं चौकोनी दिसतं.

त्याचा आणखी एक हट्ट. नाव लिहायचं ते फक्त यादीतल्या शेवटच्या वीस जणांचं. पहिल्या नंबरासाठी हॉलंडचे लोक केशरी टोप्या घालून, डबाभर रंग घेऊन विनवण्या करायला येत. हा मान हलवायचा.

"त्याचं नाव पेपरात येतं, टीव्हीवर येतं, बिस्किटाच्या पुड्यावर येतं. रस्त्यावर कशाला? तो काय वाचतो? भुर्रकन जातो. वाचतो तो मागचा. त्याला वेळच वेळ असतो."

मी रेजीन. खालच्या गावातल्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात बावीस वर्षं चादरी धुते. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, बाकीचं शिक्षण मोर्चांमध्ये झालं. त्या वर्षी सरकारला साक्षात्कार झाला की आमच्या हॉस्पिटलातलं प्रसूतिगृह एक सप्टेंबरपासून बंद करावं. कारण काय, तर बाळं पुरेशी होत नाहीत. पुढचं प्रसूतिगृह सव्वा तासावर, तेही घाट मोकळा असेल तर. कागदावर सही करणार होते जिल्ह्याचे प्रीफेक्ट, म्हणजे राजधानीने आमच्यावर पाठवलेले सर्वाधिकारी साहेब. त्यांना स्वतःला बाळ होण्याची शक्यता नव्हती.

आम्ही काय काय केलं नाही? सह्या गोळा केल्या. प्रीफेक्टच्या दारात पाळणे नेऊन ठेवले. एका पेपरात आतल्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या बातमीखाली, चार ओळी आल्या. कुत्र्याचा फोटो होता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की सातव्या वळणामागे धबधबा आहे आणि टीव्हीवाल्यांना धबधबा फार आवडतो. हेलिकॉप्टर तिथे घिरट्या घालतं. अर्धं जग बघत असतं. त्या डांबरावर आपली घोषणा हवी. आणि ती वाचता येईल असा हात खोऱ्यात एकच होता.

"जमणार नाही," आरिस्तिद म्हणाला. "रस्त्यावर नावं. घोषणा भिंतीवर."

"दादा, भिंतीकडे हेलिकॉप्टर बघत नाही."

"मग हेलिकॉप्टरला सांग. रेजीनबाई, तू मोर्चा काढ, मी कधी आडवा आलो? माझ्या वळणावर राजकारण नको."

"राजकारण? पोरीचं बाळंतपण हे राजकारण?"

हे मी मुद्दाम म्हटलं, कारण त्याची फ्लाव्ही तिथेच टेबलाशी चीज कापत उभी होती. सातवा महिना. तारीख सप्टेंबरच्या मध्यावरची. फ्लाव्हीने सुरी खाली ठेवली नाही की आवाज चढवला नाही.

"बाबा, मला सव्वा तास घाटातून नेणार कोण? तुम्ही. गाडी कोणती? तुमची. जी पाचव्या वळणावर गरम होते. मग तुमच्या वळणावर राजकारण नको, बाळंतपण चालेल?"

जिनेटवहिनी भांडी घासता घासता हसल्या. आरिस्तिदने चीजचा तुकडा उचलला, परत ठेवला, चष्मा पुसला.

"कागद दे," तो मला म्हणाला. "पण लिहीन ते रस्त्याच्या नियमाने."

कुठला नियम ते मी विचारलं नाही. माणूस हो म्हणाला की तिथून उठून जावं, एवढं मला चळवळीने शिकवलंय. मी वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या:

राखा
प्रसूतिगृह,
हाकला
प्रीफेक्ट

आणि पत्रकं छापायला खाली निघून गेले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पत्रकांची पिशवी खांद्यावर मारून मी चालत वर गेले. घाट फुलला होता. पाच-पाच दिवस आधी येऊन घरगाड्या लावलेले भक्तगण. बेल्जियमचं एक जोडपं घडीच्या टेबलावर मेणकापड अंथरून, जणू आपल्याच स्वयंपाकघरात बसल्यासारखं बटाटे सोलत होतं. कुणी गाईची घंटा वाजवत होतं, कुणी कोंबडीचा पोशाख घालून घामाने निथळत होतं. वर्षाची रजा खर्चून, ज्याला चार सेकंद बघायचं त्याच्यासाठी. मी पत्रक पुढे केलं की प्रत्येकाचे हात नेमके भरलेले. तासाभराने जाहिरातवाल्यांच्या गाड्या आल्या आणि फुकटच्या टोप्या, किल्लीच्या साखळ्या, बोटभर सॉसेज फेकू लागल्या, तेव्हा त्याच हातांना पंख फुटले. एका आजोबांनी टोपीसाठी अशी झेप घेतली की त्यांच्या कंबरेला बघायला डॉक्टर लागला असता. तोही आमच्याकडे उरला नाही, पण ते असो.

पण हे नंतरचं. आधी मी सहाव्या वळणावरून मान वर केली आणि सातव्याकडे पाहिलं. अक्षरं काय सुरेख! पांढरीशुभ्र, ठसठशीत. मी वाचलं:

प्रीफेक्ट
हाकला
प्रसूतिगृह,
राखा

पुन्हा वाचलं. तेच.

आरिस्तिद कठड्यावर बसून पावाबरोबर लसणीचं सॉसेज खात होता. बाजूला फ्लाव्ही छत्रीखाली.

"दादा! हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं?"

"वाचा! 'प्रीफेक्ट, हाकला प्रसूतिगृह!' माझा स्वल्पविराम 'प्रसूतिगृह'ला चिकटूनच राहिला! मी त्याला हाकलायला सांगत होते, तुम्ही त्यालाच हुकूम सोडलात!"

"उलटं वाचतेस तू," तो शांतपणे म्हणाला. "रस्ता खालून वर वाचायचा. सायकलवाला चढ चढतो तेव्हा मान खाली. त्याच्या चाकाखाली आधी काय येतं? सगळ्यात खालचा शब्द. राखा. मग प्रसूतिगृह. मग हाकला. मग प्रीफेक्ट. चौतीस वर्षं असंच लिहिलंय."

"चौतीस वर्षं तुम्ही पट्टे ओढलेत!"

"'पुढे शाळा' पण लिहिलंय. आधी 'पुढे', वर 'शाळा'. कुणी तक्रार केली?"

"अहो, टीव्ही बघणारा सायकलवर नसतो, सोफ्यावर असतो! तो पानासारखं वरून खाली वाचतो!"

"मग त्याने उठावं," आरिस्तिद म्हणाला आणि पावाचा घास घेतला.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्याची अडचण होईल. फ्लाव्ही हसून हसून पोट धरत होती आणि तिला पोट बरंच होतं. खोडायला वेळ नव्हता, रंग दगडासारखा वाळला होता. तेवढ्यात आयोजकांची पुसणारी गाडी आलीच.

त्या गाडीतले दोघं शर्यतीच्या आधी सगळा रस्ता तपासत जातात. उत्साही मंडळी डांबरावर जो एक ठराविक पुरुषी अवयव काढून ठेवतात, त्याला हे चोच आणि डोळे काढून घुबड करतात. आमच्या घाटात त्या दिवशी नऊ घुबडं होती. आणि राजकारणाचा मजकूर दिसला की सरळ काळा रंग.

त्यांनी गाडी वळणाखाली थांबवली. मोठा उतरला, कंबरेवर हात ठेवून वर बघत राहिला.

"काय रे, हे काय?"

"'प्रीफेक्ट, हाकला प्रसूतिगृह,'" दुसऱ्याने वाचलं. "'राखा' कशाला आहे खाली?"

"राखा म्हणजे शिस्त राखा असेल. सरकारच्या बाजूचाच कुणीतरी दिसतो. राहू दे. त्या कोपऱ्यावरचं घुबड कर आधी."

आरिस्तिदने माझ्याकडे पाहिलं नाही. सॉसेजचं साल सोलत राहिला. मला तेव्हा त्याला ढकलून द्यावंसं वाटलं आणि मिठी मारावीशीही. दोन्ही केलं नाही.

शर्यत आली. म्हणजे आधी धूळ, भोंगे, मोटारसायकली, मग पुढचे पाच-सहा जण गेले. चार सेकंद म्हटलं ना, तीनच. कुणी खाली पाहिलं नाही, सगळ्यांची नजर एकमेकांच्या पाठीवर. वर हेलिकॉप्टर थडथडत होतं. बेल्जियमच्या बाईंनी घरगाडीतला टीव्ही खिडकीत आणला होता. धबधबा दिसला, वळण दिसलं आणि आमची घोषणा, अख्ख्या पडद्यावर.

निवेदकाने वाचलं. थांबला. मग दुसऱ्याला म्हणाला, "अरे बापरे, हे लोक प्रसूतिगृह बंद करा म्हणतायत? यांना बाळं आवडत नाहीत वाटतं!" दोघं खो खो हसले. कॅमेरा परत आमच्यावर. माझ्या बावीस वर्षांच्या चळवळीचं फळ.

"झालं समाधान?" मी आरिस्तिदला म्हणाले. "देशभर शोभा."

"शर्यत संपलेली नाही," तो म्हणाला.

पाऊण तासाने मागचे आले. टोप्या पकडणारे अर्धे लोक तोवर गाड्यांकडे वळले होते. सगळ्यात शेवटी एकटा, मागे झाडूवाली गाडी घुटमळत, वेळेत नाही पोचला तर त्याला गोळा करायला. तोंडाला मीठ साचलेलं, चाक इकडून तिकडे. त्याचं नाव आरिस्तिदने सहाव्या वळणावर लिहिलं होतं. त्याची मान हँडलवर पडलेली. आमच्या अक्षरांवर आला आणि ओठ हलू लागले. एकेका श्वासाला एकेक शब्द.

"राखा..." तीन मीटर. "प्रसूतिगृह..." पुन्हा तीन मीटर. "हाकला..." जरा डोलला. "प्रीफेक्ट!"

मान वर केली, फ्लाव्हीचं पोट पाहिलं आणि हँडलवरचा एक हात सोडून मूठ उंचावली. पडता पडता वाचला. मग वळणाआड गेला.

आरिस्तिदने पावाचे कण झटकले. "बघ. ज्याच्यासाठी लिहिलं त्याने बरोबर वाचलं."

मी पिशवीतलं एक पत्रक काढलं आणि त्यानेच वारा घेऊ लागले.

खरी गंमत वर, शेवटच्या रेषेपाशी झाली. प्रीफेक्टसाहेब पाहुण्यांच्या मांडवात थंड पेय घेऊन बसले होते. वार्ताहराने माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. साहेब, लोक तुम्हाला प्रसूतिगृह हाकलायला सांगतायत, हाकलणार का? साहेबांना खालची भानगड माहीत नव्हती. त्यांना एवढंच कळलं की सगळा देश बघतोय आणि बाळांचा शत्रू म्हणून आपलं नाव पडद्यावर आलंय.

"मुळीच नाही!" साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी असताना त्या प्रसूतिगृहाला कुणी हात लावणार नाही!"

बेल्जियमच्या बाईंचा बटाटा हातातच राहिला. त्यांना काही कळलं नव्हतं, पण मी त्यांच्या नवऱ्याचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी चार हजार पत्रकांवर छापलं, तारखेसकट. साहेबांच्या कचेरीने खुलासा केला, खुलाशाचा खुलासा केला, शेवटी 'आढावा घेईपर्यंत' बंद करण्याची तारीख पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलली. विजय नाही, मुदत आहे. पण आमच्याकडे मुदतीलाच विजय म्हणायची सवय लागलीय. टुलूझहून कुणी प्राध्यापक आले आणि आमच्या घोषणेतल्या उपरोधाबद्दल विचारू लागले. इतकी धूर्त कल्पना कुणाची? मी समितीची म्हणून सांगितलं. आरिस्तिद बाजूला बसून म्हणाला, "कसला उपरोध? खालून वर वाचा." प्राध्यापकांनी तेही लिहून घेतलं.

सोळा सप्टेंबरला सकाळी प्रसूतिगृहाकडून चादरींची गाडी आली. मोठ्या चादरींच्या खाली हातभर रुंदीच्या, पिवळ्या काठाच्या तीन. त्या चादरी बंद पडलेल्या प्रसूतिगृहातून येत नाहीत. मी त्या वेगळ्या, हाताने धुतल्या. वाळत घालायला बाहेर आले तर फाटकासमोर रस्त्यावर हा बाबा गुडघ्याखाली उशी घेऊन वाकलेला. हॉस्पिटलचा चौकीदार त्याला दटावत होता, "अहो आजोबा, इथे ॲम्ब्युलन्स येतात!"

"म्हणूनच तर. ड्रायव्हरला वाचता येईल."

मी जवळ गेले. तीन मीटरची अक्षरं. वर 'लाकुम', खाली 'झेली'. मी 'लाकुम झेली' असं वाचलं, आणि तो नुसता बघत राहिला तेव्हा खालून वर वाचलं. झेली लाकुम. फ्लाव्हीची पोर.

"दादा, तुमचा नियम मोडलात," मी म्हणाले. "फक्त शेवटच्यांचीच नावं ना?"

"मोडला कुठे?" रोलर बादलीत बुडवत आरिस्तिद म्हणाला. "आख्ख्या खोऱ्यात सगळ्यात शेवटी तीच तर आलीय."