नौपाड्यातलं खारट पन्हं

“कॉम्प्रेसर खोला!” पुण्याहून साहेब ट्रंक कॉलवर ओरडत होते. “सोमवारी माणसं पाठवतो.”

“साहेब, प्रेशर बरोबर येतंय. गॅस कुठे गळत नाही. खोलून बघायचं काय?”

“मग बर्फ मऊ का निघतोय? तुम्हाला तिथे तलावावर हवा खायला पाठवलेलं नाही!”

फोन ठेवला गेला. मी खरंच रोज तलावावर हवा खात होतो. साहेबांना ते कुणी सांगितलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी मशिनरीच्या कंपनीत नवा इंजिनियर, नोकरी अजून कायम व्हायची होती. ठाण्याच्या भाऊसाहेबांनी चांगली सरकारी नोकरी सोडून बर्फाचा कारखाना काढला होता. यंत्रं आमची. आणि ऐन हंगामात त्यांचा बर्फ बिघडला होता.

बर्फ करायची रीत साधी असते. मोठ्या हौदात मिठाचं पाणी भरतात, त्याला आम्ही ब्राइन म्हणतो. कॉम्प्रेसरच्या जोरावर ते भयंकर गार होतं, पण मिठामुळे गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच कॅन उभे सोडतात. कॅनमधल्या पाण्याची लादी होते. भाऊसाहेबांच्या लाद्या मात्र बाहेरून कडक आणि पोटात भुसभुशीत निघत होत्या.

हा बर्फ घ्यायची मुख्यतः खाडीकाठच्या चेंदणीची कोळी मंडळी, मासळी टिकवायला. त्यांच्यातल्या हिराबाईंनी माझ्यादेखत भाऊसाहेबांना सुनावलं, “भाव, तुमचा बरफ बाजारान जाईपरत पानी होते. आमचा म्हावरा खराब होते. आता सुदरला नाय, त आमी दुसरीकरं जाव.”

त्या गेल्या असत्या तर पाठोपाठ सगळा कोळीवाडा गेला असता. आणि कॉम्प्रेसर खोलायचा म्हणजे कारखाना बरेच दिवस बंद, म्हणजे तरीही त्या जाणारच. आगीतून फुफाट्यात. भाऊसाहेबांची जेवणावरची वासना उडाली होती, पण माझ्या पानात वाढायला ते विसरत नसत.

कारण मी त्यांच्याच घरी, नौपाड्यात उतरलो होतो. “लॉजमध्ये कसले राहता? घर आहे ना!” असं म्हणून त्यांनी माझी वळकटी स्वतः टांग्यात टाकली होती. मी साताऱ्याकडच्या खेड्यातला. पुण्यात खोली, मेस आणि ऑफिस यापलीकडे माझं जग नव्हतं. ठाण्यात मात्र संध्याकाळ झाली की सगळं गाव घराबाहेर पडे. तलावपाळीवर भेळ, कोपिनेश्वराचं दर्शन, मग शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळींच्या नाटकाची तालीम. तिथे नटांपेक्षा बघणाऱ्यांच्याच सूचना जास्त. परतताना चहाच्या दुकानात मुंबई कुणाची यावर हमरीतुमरी, आणि भांडणारे दोघं शेवटी एकाच टांग्यातून घरी. अनोळखी माणसाला कुणी ‘तुम्ही कुठले?’ विचारलं की पुढचं वाक्य ‘उद्या जेवायला या’ असायचं. मला ते गाव फार आवडलं होतं. आजही ठाण्याचं नाव काढलं की मला तेच आठवतं, आणि थोडं भरून येतं.

ट्रंक कॉल आला त्या दिवशी शनिवार होता. चैत्राचे दिवस, घरोघरी चैत्रगौरीची हळदीकुंकवं. आदल्या दिवशी ते भाऊसाहेबांकडेच झालं होतं; मी तेव्हा कारखान्यावर होतो. आलेल्या बायका “छान झालंय हो पन्हं!” म्हणाल्या आणि अर्धे पेले तसेच ठेवून गेल्या. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, तेव्हापासून हिरमुसल्या होत्या.

“चला हो, डोकं तरी शांत होईल,” म्हणत भाऊसाहेबांनी मला त्या संध्याकाळी बरोबर घेतलं. वहिनी आत हळदीकुंकवाला, आम्ही बाहेर ओटीवर. पुरुषांनाही आंबेडाळ आणि पन्हं बाहेर येई. पहिल्या घरचं पन्हं मी तोंडाला लावलं आणि कसाबसा घोट गिळला. चांगलंच खारट.

“सूनबाई नवीन आहे,” भाऊसाहेब कुजबुजले. “बोलू नका.”

दुसऱ्या घरीही तेच. तिथे म्हणे सासूबाईंना हल्ली नीट दिसत नव्हतं.

तिसरं घर एका मास्तरांचं. तिथलं पन्हं असं झकास की मी मागून घेतलं. मास्तर ओशाळून म्हणाले, “तुमच्या बर्फासारखं गार नाही हं, भाऊसाहेब. आमचा घसा धरतो, म्हणून माठातलंच पाणी घेतो.”

माझा पेला हातातच राहिला. भाऊसाहेबांनी हौसेने सगळ्या आळीला बर्फ वाटला होता. मास्तरांनी तेवढा घेतला नव्हता.

वहिनींना तिथेच सोडून आम्ही टांग्याने तडक कारखाना गाठला. एक लादी फोडली आणि तिच्या पोटातला भुगा चाटून पाहिला. खारट! भाऊसाहेबांनीही चाटला. दोन शिकलेली माणसं उकिडवी बसून बर्फ चाटताहेत हे बघून कामगारांनी काम थांबवलं. इतके दिवस तो बर्फ मासळीवरच पडत होता, त्यामुळे चव कळणार कुणाला?

आता उलगडा सोपा होता. ब्राइन कॅनमध्ये शिरत होतं. खारं पाणी लवकर गोठत नाही, म्हणून लादीचं पोट कच्चं. कॅन साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवला की लादी आपोआप सुटते, पण हंगामाच्या घाईत कामगार कॅनवर सरळ पहार हाणत होते. त्याने पत्र्याचे सांधे उकलले होते. रविवारी आम्ही कॅन पाण्याने भरून कोरड्या फरशीवर मांडले. जो ठिबकेल तो बाजूला. बाजूला काढलेल्यांचीच रांग मोठी झाली. कल्हईवाल्याला बोलावून त्या सगळ्यांचे सांधे डाख लावून बुजवले.

सोमवारी निघालेली लादी टणक होती. हिराबाईंनी तिच्यावर कोयत्याची मूठ आपटून बघितली आणि टोपली पुढे केली. साहेबांची माणसं मी स्टेशनवरूनच परत पाठवली. फोनवर साहेबांनी विचारलं, “दोष सापडला कसा?”

“साइटवर पाहणी केली, साहेब.”

माझी नोकरी कायम झाली. पण ठाणं सोडण्याच्या सकाळची गोष्ट जास्त लक्षात आहे. धावपळीत सांगायचा राहिलेला बर्फाचा सगळा प्रकार भाऊसाहेबांनी तेव्हा वहिनींना सांगितला. ऐकता ऐकता त्या मटकन पाटावर बसल्या. “तरी मी म्हणतेय, मीठ चिमूटभरच घातलं होतं!” त्यांनी पदराने डोळे पुसले. मग एकदम भाऊसाहेबांवर उखडल्या. “आणि तुम्ही? तुम्हीसुद्धा दोन पेले प्यायलात आणि एका शब्दाने बोलला नाहीत?”

“तुला वाईट वाटेल म्हणून…”

“वाईट वाटलं असतं, पण बर्फ एक दिवस आधीच सुधारला असता!”

पुढे चाळीस वर्षं मी गावोगावचे प्लांट दुरुस्त केले. नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो: प्रेशरचं गेज बघाच, पण ज्याच्या घरी जेवाल त्याला चव कशी आहे ते खरं सांगा.