सात दिवसांचा मुक्काम

"मुक्काम किती?"

कुणी पिशवी घेऊन निघालेलं दिसलं की अण्णा टोपी मागे सारून एवढंच विचारायचे. कुठे चाललात, कशाला चाललात, याच्याशी त्यांना घेणं नसायचं. लग्नाला निघालेली बाई असो की दवाखान्यात निघालेला शेजारी, प्रश्न एकच. कुणी एक रात्र म्हटलं की अण्णा नुसती मान हलवायचे. चार-पाच रात्री म्हटलं की त्या माणसाकडे डोळे भरून बघत राहायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. जाणाऱ्याला थांबवून विचारतो, आणि स्वतः मात्र कधी कुठे जात नाही.

ओझरच्या रस्त्याला नाशिक शहर संपायचं तिथे अण्णांचा दीड एकर फुलांचा मळा होता. निम्मा झेंडू, निम्मा गुलाब. झेंडू एक-दोन दिवस थांबतो, गुलाब थांबत नाही. एक सकाळ तोडणी चुकली की कळी उमलून जाते, मग बाजारात तिला कुणी हात लावत नाही. त्यामुळे साठी उलटली तरी अण्णा एका रात्रीपेक्षा जास्त घराबाहेर राहिले नव्हते. सासुरवाडी सायखेड्याची, तासाभराच्या अंतरावर, पण तिथूनही पहाटेच्या एसटीने परत. बायको होती तोवर तिच्यावर मळा टाकून जाता आलं असतं. "पण मग बघायला न्यायचं कोणाला?" असं ते म्हणायचे. ती गेली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि मळ्यातल्या घरात अण्णा एकटे उरले.

मी किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली. नाशिकला कारखान्यात प्रेस मशीनवर माणसं घेतात असं गावातल्या एकाने सांगितलं, म्हणून निघालो. पत्त्याची चिठ्ठी मुठीत इतकी घट्ट धरली होती की उतरलो तेव्हा घामाने शाई पसरलेली. काम मिळालं, कंत्राटी. खोली मिळेना. ओळख कुणाची, हा प्रश्न आला की मी पुढच्या दाराकडे वळायचो. फिरत फिरत अण्णांच्या मळ्याशी पोचलो. तिथे पंपाशेजारी एक रिकामी खोली होती.

"मुक्काम किती?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"मग राहा," अण्णा म्हणाले. दुसरा प्रश्न नाही. त्या एका शब्दावर मी आजवर उभा आहे.

मी रात्रभर गाडीत बसून आलो म्हणून अण्णांच्या लेखी मी मोठा प्रवासी होतो. मला ते 'लांबचा' म्हणायचे. "ए लांबच्या, चहा टाकलाय." "लांबच्या, ताप उतरला का रे?" गाडीत मी सगळा वेळ भीतीने जागा होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. कुणीतरी आपल्याला धीट समजतंय, हे मला नवीन होतं.

फुलं ठेवायच्या छपरात एका व्यापाऱ्याने दिलेलं कॅलेंडर होतं. साल केव्हाच सरलं होतं, पण अण्णांनी ते काढलं नव्हतं. त्यावर कलकत्त्याचा मोठा पूल होता. एक दिवस मला तिथे उभं करून ते म्हणाले, "नीट बघ. पाण्यात एक खांब नाय. आपल्या गोदावरीवर खांब घालून घालून दमले, तरी पूर आला की पूल पाण्याखाली. आणि हा बघ कसा उभा हाय." मग हळूच, "सात दिवस राहून बघायचं मला ते शहर. तू येशील?"

मी हो म्हणालो. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नसतं.

मग बेत सुरू झाला. महिना ठरला पौष. पौषात लग्न नसतं, गुलाबाला कुणी विचारत नाही, वाया गेला तरी दुःख कमी. शेजारच्या मळ्यातल्या त्यांच्या भावजयीला हे कळलं तशी ती बांधावर येऊन उभी राहिली.

"भावजी, पौषात कुणी शुभ कामाला निघतं का?"

"शुभ काम कुठंय वहिनी? नुसतं फिरायलाच चाललोय."

"नुसतं फिरायला? देव कोणता हाय तिथं?"

त्यांच्या घराण्यात देव नाही तर लग्न, याशिवाय कुणी गाव सोडलं नव्हतं. अण्णांनी टोपी मागे सारली. मग म्हणाले, "कालीमाता हाय की."

भावजय गेली तसे मला म्हणाले, "लिही. बुधवार, कालीमाता, अर्धा तास."

कारखान्यातल्या रद्द कागदांच्या पाठीवर मी लिहायचो. रद्दीतून एक हिंदी मार्गदर्शक पुस्तक आणलं होतं, ते एकेक अक्षर लावत वाचायचो. शाळा सुटल्यावर इतकं मी कधी लिहिलं नव्हतं. सोमवारी पूल, मंगळवारी ट्राम, गुरुवारी प्राण्यांची बाग. अण्णा खाटेवर बसून दुरुस्त्या सुचवायचे.

"दुपारी दोन ते पाच काय ठेवू नको."

"का?"

"लाईट नसणार. अंधारात म्युझियम काय बघतोस?"

आमच्या भागात तेव्हा दोन ते पाच भारनियमन होतं. एवढ्या मोठ्या शहरातही ते याच वेळेला असणार, याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती. मी सातही दिवस दोन ते पाचसमोर 'विश्रांती' लिहिलं, अक्षर चांगलं काढून.

जायला आठ दिवस उरले आणि माझी झोप उडाली. दहा दिवसांची रजा मागायची होती. कंत्राटी माणसाने रजा मागितली की त्याच्या मशीनवर दुसरा येतो, असं ऐकून होतो. रोज सुपरवायझरच्या टेबलापर्यंत जायचो आणि पाणी पिऊन परत यायचो. आणि कलकत्त्याचं काय? तिथे अण्णा माझ्या भरवशावर, आणि मी कुणाच्या? शेवटी एका संध्याकाळी मी म्हणालो, "अण्णा, मी राहतो. सकाळी गुलाब तोडून देईन, मग कामावर जाईन. मळ्यात माणूस नको का?"

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बरं झालं," ते म्हणाले. "फुलांना माणूस पाहिजेच."

तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही ते खरंच वाटलं असतं. मला वाटलं, कारण मला ते खरं वाटायला हवं होतं.

ते एकटे गेले. रोज संध्याकाळी सातला किराणा दुकानात त्यांचा फोन यायचा. मी तोडणीचं सांगायचो, ते बघितलेलं सांगायचे. "आज ट्राममध्ये बसलो. लय हळू चालते, आपली बैलगाडी बरी." "आज कालीमाता. अर्धा तास पुरला." मी विचारलं, "दुपारी लाईट गेली का?" "गेली ना. बरोब्बर दोनला." फोन ठेवल्यावर मी दुकानदाराला अभिमानाने सांगायचो, सगळं लिहिल्याप्रमाणे चाललंय.

अकराव्या दिवशी ते परतले. भावजयीला कुंकवाची पुडी, मला मिठाईचं मडकं. आठवडाभर बांधाबांधावर कलकत्ता चाललं होतं.

आमच्याकडे झेंडू सुटा, क्रेट भरून बाजारात जातो. एका रविवारी सकाळी बघतो तर अण्णा छपरात मांडी घालून बसलेले, हातात लांब सुई, आणि भराभरा झेंडू ओवताहेत. दोन हात पसरून वावभर माळ झाली की गाठ, दुसरी सुरू. बोटं बघून कुणीही सांगितलं असतं, हे एका दिवसात आलेलं नाही.

"अण्णा, हे कुठे शिकलात?"

सुई थांबली.

"त्या पुलाखाली फुलांचा बाजार हाय रे. पहिल्या दिवशी पूल बघायला गेलो तर वास आला. झेंडूच झेंडू. तिथं एक म्हातारा माळा ओवत होता. त्याची बोली मला नाय, माझी त्याला नाय. त्यानं सुई दिली, मी बसलो."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पण तिथंच."

"ट्राम?"

"दिसली. लांबून."

"कालीमाता?"

"तिची माफी मागितली मी."

"आणि फोनवर रोज..."

"कागद होता ना खिशात. वाचून दाखवायचो." मग घाईने म्हणाले, "तू महिनाभर बसून लिवलंस. आणि मी सांगू, की मी तिथंही फुलातच बसलो?"

"लाईट गेली म्हणालात ते?"

"तिथं लाईट जातच नाय," अण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. हसू ओसरल्यावर त्यांनी पुन्हा सुई उचलली. "एकट्यानं बघून काय करू रे? चांगलं काय दिसलं तर 'ते बघ' म्हणून कोपरानं ढोसायला बाजूला कुणी लागतं ना. पुलावरसुद्धा चढलो नाय मी."

"पुढच्या पौषात मी येतो," मी म्हणालो.

पुढच्या पौषात कंत्राटदार बदलला. त्याच्या पुढच्या पौषात गावाकडे आई आजारी पडली. कारणं खोटी नव्हती. पण ती मिळाली की मला हायसं वाटायचं, हेही खोटं नाही. अण्णांनी एकदाही टोमणा मारला नाही.

मग पावसाळ्यात मळ्यातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगा येऊन पुण्याला घेऊन गेला. मळा दुसऱ्याला कसायला दिला, पंपाशेजारची खोली माझ्याकडेच राहिली. चहा टाकलाय म्हणून हाक मारणारं आता कुणी नव्हतं. नव्या माणसाने गुलाब काढून कोबी लावला.

पौष लागला तसा मी सुपरवायझरच्या टेबलाशी गेलो आणि पाणी न पिता उभा राहिलो. "दहा दिवस रजा पाहिजे." त्यांनी मान वर न करता सही केली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

पुण्याला गेलो. अण्णांना कलकत्त्याच्या गाडीत बसवता येईल का, हे मला मुलाला विचारायचं होतं. खाटेवर त्यांना बघितलं आणि विचारलं नाही. डावी बाजू गेली होती, शब्द तुटत होते. मला ओळखलं. मी वाकून कानाशी म्हणालो, "अण्णा, रजा मिळाली. पुरे दहा दिवस."

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले.

"साहेब... वरडला नाय?"

"नाही."

"बघ," अण्णा म्हणाले. "उगाच भीत होतास."

मी तिथेच राहिलो. कूस बदलायची, पाणी पाजायचं, खिडकीतून काही दिसलं तर सांगायचं. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. मुलगा म्हणाला, दहावा होईपर्यंत थांबा. पण घरात पाहुणे वाढले होते, आणि मी कोण हे प्रत्येकाला सांगणं मला जमत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीने निघालो.

दुसऱ्या दिवशी पाळीला उभा राहिलो तसा सुपरवायझर हजेरीचं पुस्तक घेऊन आला.

"अरे, तुझी अजून पाच दिवस रजा आहे. जा की, फिरून ये कुठेतरी."

मी कुठे जायचं याचा विचार केला. सुचलं नाही. मशीनचं बटण दाबलं.