उतारावरचा न्यूट्रल

वुंदान्यीच्या वीज कचेरीत म्वासारू ड्रायव्हरचं नाव निघालं की त्याच्या न्यूट्रलचं कौतुक ठरलेलं. सत्तावीस वर्षं तो दुरुस्तीचा ट्रक डोंगरावरून खाली म्वाटाटेपर्यंत न्यूट्रलवर उतरवत आला होता. "उतारावर डिझेल जाळतो तो ड्रायव्हर कसला!" हे तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा. खोड धोक्याचीच होती, पण साहेबांनीच एकदा त्याबद्दल त्याच्या गळ्यात हार घातला होता. मग बोलणार कोण?

पुढे डिझेलचा ट्रक लिलावात गेला आणि विजेवरचा आला. त्याच्याबरोबर वोईहून वाकेशो नावाची इंजिनिअर आली, म्वासारूच्या थोरल्या मुलीच्या वयाची. फळ्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "बाबा, उताराला याला न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवलात तर उतरताना चाकंच बॅटरी भरतात."

"पोरी," म्वासारू हाताची घडी न सोडता म्हणाला, "मी हा घाट उतरत होतो तेव्हा तू आईच्या पाठीला बांधलेली होतीस."

सगळे खो खो हसले. वाकेशोही हसली आणि पुढचं शिकवू लागली. म्वासारूनं पुढचं काही ऐकलंच नाही.

महिन्याभरात ट्रक परतीच्या चढावर तीनदा बंद पडला, आणि तिन्ही वेळा कचेरी एका वळणावर राहिलेली. येणारे-जाणारे शेअर गाड्यांचे मटाटूवाले खिडकीतून ओरडायचे, "अहो वीजवाले, थोडी वीज उसनी देऊ का?" म्वासारू ट्रकच्या नाकावर थाप मारून म्हणायचा, "डोंगर चढायला छाती लागते. याच्यात नुसत्या वायरी!" चहाच्या टपरीवर त्यानं त्या ट्रकची अशी काही लक्तरं काढली की टपरीवालीसुद्धा ट्रक दिसला की नाक मुरडायची.

तिसऱ्या वेळी मात्र वरच्या दवाखान्याची वीज गेली होती, आणि ती जोडणारी माणसं, तारा, खांबावर चढवणारा पाळणा, सगळं त्या वळणावर अडकून पडलं होतं. दुपारी पाठीला लेकरं बांधलेल्या बाया डोंगर उतरू लागल्या. फ्रीज बंद पडून लसी खराब झाल्या म्हणून नर्सनं त्यांना परत पाठवलं होतं. अडलेल्या माणसाला 'पोले', म्हणजे 'वाईट वाटलं हो', म्हटल्याशिवाय तिकडे कुणी पुढे जात नाही, तशा त्याही म्हणत गेल्या. वावुदा नावाची एकजण तर थांबली. केळीच्या पानात बांधलेला किमांगा, कंद-घेवडा घोटून केलेला गोळा, तिनं अर्धा मोडला आणि त्याच्या हातावर ठेवला. "पोले, बाबा. सकाळपासून उन्हात आहात."

"काय करणार बाई, गाडीच फसवी निघाली," म्हणत म्वासारूनं तो खाल्ला.

त्याच्या सांगण्यावरून साहेबांनी ठरवलं, ट्रक परत पाठवायचा आणि वाकेशोची बदली पार उत्तरेच्या वाळवंटात करायची. सत्तावीस वर्षांच्या शब्दाला तेवढं वजन होतं. वाकेशोनं एकच मागितलं, "जाण्याआधी एकदा तुमच्याशेजारी बसून घाट उतरू द्या, बाबा."

माथ्यावर बॅटरीचा आकडा बेचाळीस होता. म्वासारूचा हात सवयीनं न्यूट्रलकडे गेला. तिनं अडवलं नाही. खाली पोचले तेव्हाही बेचाळीसच. पुन्हा वर चढून आले तेव्हा तीस उरले होते. "आता गिअरमध्येच ठेवा, हात स्टिअरिंगवरच राहू द्या," ती म्हणाली. खाली पोचले तर चौतीस.

चार जास्त. कचेरीच्या अलीकडचं ते एक वळण चढायला तेवढे पुरले असते. म्वासारूची कानशिलं तापली. समोरची काच सोडून दुसरीकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"माझंच चुकलं," वाकेशो म्हणाली. "फळ्यावर शिकवत बसले. पहिल्याच दिवशी तुमच्या शेजारी बसायला हवं होतं."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेब हसले, "म्हातारा झालास रे," म्हणाले, आणि बदलीचा कागद फाडला. ट्रक राहिला, वाकेशो राहिली. म्वासारूला वाटलं होतं, एवढ्यानं मन हलकं होईल. पण जेवायला बसलं की त्याला तो अर्धा किमांगा आठवायचा आणि घास खाली उतरायचा नाही.

पुढच्या लसीच्या दिवशी तो ट्रक घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिला. लेकराला टोचून घेऊन वावुदा बाहेर आली. "गाडी बरी झाली का, बाबा?"

"गाडीला काही झालंच नव्हतं गं," तो म्हणाला. "कशी चालवायची ते मला सांगितलं होतं. काल आलेल्या पोरीचं काय ऐकायचं, म्हणून ऐकलं नाही. तुमची त्या दिवशीची खेप माझ्यामुळे वाया गेली. आणि वर मी तुझा घास खाल्ला."

"त्या दिवशी मी घरून कोंबडं आरवायच्या आधी निघाले होते," वावुदा म्हणाली. मग तिनं पाठीवरच्या लेकराचं फडकं घट्ट आवळलं आणि उताराला लागली.

ती वळणाआड जाईपर्यंत म्वासारू वाट बघत उभा होता. ती 'पोले' म्हणाली नाही.