ओटीतलं हळकुंड

देवीपाशी खोटं कशाला बोलू, तिला सगळं ठाऊकच आहे. त्या दसऱ्याला सकाळी देव्हाऱ्यासमोर हात जोडून मी एकच मागणं मागितलं होतं, "आई, आज ह्यांच्या बोटीचं इंजिन चालूच होऊ देऊ नकोस." सणासुदीला असलं अभद्र मागणं! पण करणार काय? मला पाण्याची भीती, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हट्ट धरलेला की गंगापूर धरणापलीकडच्या देवीची ओटी भरायला बोटीनंच जायचं. आत्याबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली, गुडघे नवे बसवलेले, पोहण्याच्या नावानं आनंद. पण त्यांचं माहेर त्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा देवी तेवढी काठावरच्या टेकाडावर आणून बसवली. "रस्त्यानं गेलं की माहेराला वळसा घालून गेल्यागत वाटतं गं," त्या म्हणायच्या. "एकदा माझ्या गावावरून जाऊ दे." यावर सुनेनं काय बोलायचं?

आम्ही मखमलाबादकडचे फुलवाले. मुलानं शेती हाती घेतल्यावर ह्यांनी हौसेनं एक जुनी बोट घेऊन धरणावर ठेवली. रविवारी पाहुण्यांना फिरवून आणायचं, एवढंच तिचं काम. बोट जुनी, इंजिन मात्र नवंकोरं आणि चांगल्यातलं. "म्हातारीला नवी कवळी!" म्हणून मी पुष्कळ टोमणे मारले. हे शांतपणे म्हणायचे, "अगं, गाडी बंद पडली तर ढकलायला चार माणसं धावतात. पाण्यात कोण ढकलणार?" इंजिनाची देखभालही अशी, की तेवढी माझ्या तब्येतीची कधी झाली नाही. वर जेवताना आम्हाला व्याख्यान: बोट वादळानं क्वचित बुडते, हयगयीनं जास्त बुडते. कुठं पाइप सडलेला, कुठं माणसं कोंबलेली, कुठं तळाचं बूच लावायचं राहिलेलं. बोट धुतल्यावर आतलं पाणी निघून जावं म्हणून मागच्या बाजूला तळाशी भोक असतं, त्याचं ते बूच. आम्ही दोघी सासू-सुना आमटी ओरपत ऐकायचो.

खंडेनवमीला आमच्या घरी विळे, कात्र्या, फवारणीचा पंप, सगळं धुऊनपुसून पूजेला मांडतात. ह्यांनी बोटही लख्ख धुतली. आता बोट काही घरात आणता येईना, म्हणून तिच्या वतीनं तिचं बूच आणून देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे झेंडूला काय तोटा! वर फुलांची रासच घातली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली, विळे-कात्र्या उचलल्या, आणि आम्ही निघालो.

काठावर ह्यांनी दोरी ओढली आणि इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. मी मनात म्हटलं, ऐकलं नाहीस ना आई माझं. नऊवारीवर केशरी जॅकेट चढवून आत्याबाई म्हणाल्या, "संन्यास घेतल्यागत दिसतेय का गं मी?" मला हसू आलं, भीती थोडी ओसरली. बोटीच्या तळाला जरा पाणी दिसत होतं, पण कालच धुतलीय, त्याचं असेल, असं वाटलं. बोट वेगात असली की आत आलेलं पाणी त्या भोकातून मागच्या मागे ओढलं जातं, म्हणून ह्यांच्याही लक्षात आलं नाही.

मधोमध आल्यावर आत्याबाईंनी डोंगराकडे बघून खूण धरली. "हितंच. बंद कर रे ते, माहेराच्या दारात भडभड नको." ह्यांनी इंजिन बंद केलं. आत्याबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि हळूच म्हणाल्या, "आई, आले गं." मला भरून आलं. डोळे पुसत होते तोच पायाला गार लागलं. पूजेचा तांब्या कलंडला वाटलं, पण तांब्या तर माझ्या मांडीवर होता.

"अहो, पाणी!"

ह्यांनी मागे बघितलं आणि तोंडचं पाणीच पळालं. "बूच!"

"कुठंय?"

"देव्हाऱ्यापुढं. झेंडूखाली."

बोटीची मागची बाजू इंजिनाच्या वजनानं खाली बसत चालली होती. मी किंचाळायच्या बेतात होते. आत्याबाईंनी मात्र ओटीचं सामान उघडलं, हळकुंडाभोवती खण घट्ट गुंडाळला आणि ह्यांच्या हातात दिला. "हे कोंब." ह्यांनी पाण्यात हात घालून चाचपत भोक शोधलं, तो बोळा आत दाबला, आणि मला म्हणाले, "ह्यावर टाच रोवून बस. काही झालं तरी उठायचं नाही." मी बसले. पण बोट निम्मी भरलेली, पाणी कडेला आलेलं. आता इंजिन सुरू झालं नसतं तर आम्ही तिघंही आत्याबाईंच्या माहेरी मुक्कामाला गेलो असतो. सकाळचं मागणं माझ्या उरात धडधडायला लागलं. "आई गं, मागे घेते ते. मी मूर्ख आहे. तुला हवं ते कर, पण ह्या म्हातारीला काठाला लाव."

ह्यांनी दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू!

पुढचा सगळा रस्ता मी टाच दाबून बसले होते आणि आत्याबाई तांब्यानं पाणी उपसत होत्या. "उदे गं अंबे," एक तांब्या बाहेर. "उदे गं अंबे," दुसरा बाहेर. पलीकडच्या काठावर ओटी भरायला आलेली एक बाई उभी होती. आमची दशा बघून तिनं पदर खोचला आणि हात हलवत ओरडली, "हिकडं आणा! हिथं गाळ हाय, दगड नाय!" ती गुडघाभर पाण्यात शिरली, दोर धरला आणि आम्हाला ओढून घेतलं. बुचाची हकिगत ऐकून ती पोट धरून हसली. मग आम्हीही हसलो, रडलो, काय काय केलं.

आत्याबाई ओटीच्या सामानाकडे बघत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी माहेरी आले, आणि ओटीला खण नाही." त्या बाईनं पिशवीत हात घातला. "माझ्या जावंला यायला जमलं नाय. तिचा खण तसाच हाय. घ्या." मी चाचरत विचारलं, "आणि हळकुंड?" "तेबी हाय की!" ओटी भरून, डोकं टेकवून मागे वळलो तेव्हा ती निघून गेलेली. नाव विचारायचंही राहिलं. मी तिला देवी-बिवी म्हणत नाही. ती कुणाची तरी जाऊ होती एवढं नक्की. पण तिच्या जावेला त्या दिवशी यायला का जमलं नसेल, ह्याचा विचार मनात आला की हात आपोआप जोडले जातात.

घरी आलो रस्त्यानं, एका भाजीच्या टेम्पोतून. झेंडू बाजूला केला तर बूच कुंकू लावून ऐटीत बसलेलं. आत्याबाई म्हणाल्या, "बघ, देवीपुढं ठेवलं ते तिनं नीट सांभाळलं. बोट कुठं ठेवली होती आपण तिच्यापुढं?" आता दर खंडेनवमीला आम्हीच धरणावर जातो आणि बुचाला त्याच्या जागीच कुंकू लावतो. इंजिनाला मी स्वतःच्या हातानं हार घालते. टोमणे बंद.

मागणं मागायची माझी खोड काही जात नाही. अजूनही रोज काही ना काही मागते. फक्त शेवटी एक वाक्य जोडते, "आई, मी मागत राहीन. पण बरं आहे बाई, तू माझं सगळंच ऐकत नाहीस."