दाराचा धप्प आवाज

बॉनेटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रस्त्यात कुणाचीही गाडी उघडी दिसली की हा चष्मेवाला दुकान वाऱ्यावर सोडून बॉनेटखाली मुंडकं घालायचा, म्हणून गल्लीनंच त्यांचं ते बारसं केलेलं. दुकानात चष्म्यांच्या फ्रेमांइतकीच गाड्यांची चित्रं. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, की बॉनेटराव इंजिनावरचं प्रवचन सुरू करायचे. समोरच्या बिचाऱ्याला काही दिसत नसे, त्यामुळे पळायचीही सोय नसे.

पण गल्लीत मान होता. नवी गाडी घ्यायची तर लोक त्यांना शोरूममध्ये घेऊन जायचे. ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, दार उघडायचे, डोळे मिटायचे आणि दार लोटायचे. 'खण्ण' वाजलं तर नाक मुरडायचे. 'धप्प' असा भरदार आवाज आला की म्हणायचे, "घ्या डोळे झाकून. माल भक्कम आहे." तेवढ्यावर सौदा पक्का. समोरच्या शेजाऱ्यानं गाडी घेतली ती अशीच. धाकट्या बहिणीनंही, दादाच्या शब्दाखातर, तीच घेतली. ती नर्स, दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाडीशिवाय तिचं पान हलत नसे.

एका चौकात दुधाची गाडी तिच्या बाजूवर आदळली. वेग फारसा नव्हता, तरी दार आत येऊन थेट कमरेला भिडलं आणि खुब्याचं हाड मोडलं. चूक दुधाच्या गाडीवाल्याची होती, त्यानं ती कबूलही केली. बॉनेटरावांच्या डोक्यातून मात्र ते दार जाईना.

गॅरेजच्या अंगणात त्यांनी स्वतः दाराचं आतलं अस्तर उचकटलं. पत्र्याला जाड डांबरी पट्टी चिकटवलेली होती. धक्का अडवणारा आडवा लोखंडी दांडा असतो, तो नव्हता. तो बसवायच्या जागा दोन्ही टोकांना तयार होत्या, भोकांसकट, आणि रिकाम्या. "हलकट लेकाचे!" एवढंच म्हणून ते थुंकले.

कंपनीच्या कचेरीतला साहेब फार गोड बोलला. "दांडा आपल्या वरच्या मॉडेलला असतो, सर. या मॉडेलला कायद्यानं सक्तीचा नाही."

"आणि ती डांबरी पट्टी? ती सक्तीची आहे?"

साहेबाचा चेहरा खुलला. "ती आवाजासाठी! लोक दार लावून बघतात ना. जाणकार लोक तर हमखास बघतात."

बॉनेटराव खुर्ची मागे सारून उठले. ज्या कानाचा आयुष्यभर टेंभा मिरवला, त्याच कानाचं माप घेऊन कंपनीनं त्यांना टोपी घातली होती. मग दुकानात येईल त्याला ते सुनावू लागले. "चूक झाली तर माणूस समजून घेतो हो. यांनी बसून ठरवलंय! चहा-बिस्किटं खात ठरवलंय, की आतल्या माणसाचं हाड मोडलं तरी चालेल, दाराचा आवाज बिघडता कामा नये. आणि विचारायला जा, तर जो तो वरच्याकडे बोट दाखवणार!"

ही बोंब कंपनीच्या कानावर गेली असावी. त्यांचा माणूस फुलांचा गुच्छ घेऊन बहिणीकडे आला. वरच्या मॉडेलची नवी गाडी फुकट. तिनं फक्त झाल्या प्रकाराबद्दल तोंड उघडायचं नाही. तिनं सही करून टाकली.

"विकली गेलीस तू!" बॉनेटराव कडाडले.

तिनं कुबडी भिंतीला टेकवली. "दादा, मला कामावर जायचंय. तुझ्या संतापात बसून जाता येत नाही. गप्प बसायची सही मी केलीय. तू कुठे केलीयस?"

बॉनेटराव तडक उठले आणि समोरच्या शेजाऱ्याकडे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. शेजाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाण्याचा पेला पुढे करत तो हळूच म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पण आता बाहेर कुठे बोलू नका हं. आधी गाडी विकून टाकतो."

"आणि घेणारा?"

"तो बघून घेईल की. आपल्याला काय त्याचं?"

इतकी किळस बॉनेटरावांना त्या साहेबाचीही आली नव्हती. त्याला निदान त्याचा पगार तरी मिळत होता. पेल्याला हात न लावता ते निघून गेले.

रविवारी एक जोडपं शेजाऱ्याची गाडी बघायला आलं, तर बॉनेटराव त्याच्या फाटकातच उभे. "या गाडीच्या दारात काय नाही, ते आधी माझ्याकडून ऐका," त्यांनी सुरुवात केली. जोडपं आल्या पावली परत गेलं. दुपारी दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही गेलं. शेजाऱ्यानं हातापाया पडून पाहिलं, शिव्या घातल्या, शेवटी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अहो, तुमच्याच सांगण्यावरून घेतली ना मी ही गाडी!"

"हो," बॉनेटराव म्हणाले, आणि फाटकातून हलले नाहीत.