सारवणावरची रेघ

"आता तरी हो म्हण वं," जागेश्वर बायकोला म्हणाला. "पळसाच्या पानाची पुतळी करू, नदीवर नेऊ, अग्नी देऊ. पोरीले मोकळं होऊ दे."

"मढं दाखवा, मंग जाळा," म्हणत रुखमाने चुलीत फुंकर घातली. बोलणं संपलं. नदीकाठच्या कारधा गावात त्यांच्या घरी दर हिवाळ्यात हे बोलणं इथेच संपायचं.

पोर म्हणजे चंद्रकांता. शहात्तर साली धानाच्या रोवण्याच्या दिवसांत पुलावरून पाणी चाललं होतं, म्हणून बाया डोंग्यातून पलीकडे निघाल्या आणि वैनगंगेत डोंगा उलटला. बाकीच्या सापडल्या, कोणी जिवंत, कोणी मेलेली. चंद्रकांता सापडली नाही. पण पाणी उतरल्यावर रुखमाला रेतीवर पावलं दिसली. नदीतून बाहेर आलेली, आणि उजव्या पावलामागे अंगठ्याची लांब रेघ. लहानपणी बैलांच्या खासराचं चाक पायावरून गेलं तेव्हापासून चंद्रकांता तसाच पाय ओढायची. घरच्या ओल्या सारवणावर रोज तिची रेघ उठायची आणि रोज रुखमा ओरडायची, "पाय उचल, पोरी!"

रेतीवरची पावलं काशीच्या गवतापर्यंत गेली होती. पुढे काहीच नाही. पण आईला तेवढं पुरलं. पोर नदीतून निघाली, कुठंतरी आहे. सारं गाव एका बाजूला, रुखमा त्या रेघेच्या बाजूला.

नदीपलीकडे भंडाऱ्यात साहेबलोकांचा एक क्लब होता. त्याचं टेनिसचं मैदान मातीचं, आणि माती बसून राहावी म्हणून वर शेणाचा हात. तो हात फिरवायला रुखमा आणि गावचीच शकुनबाई पूल ओलांडून जायच्या. कपाळाला आठ्या पाडून फाटकातून शिरणाऱ्या मॅडमना ते अंगण कोण सारवतं हे विचारायची गरज कधी पडली नाही.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तिथं दोन खेळाडू बाया आल्या. गावोगावी सामने खेळायचे, हाच त्यांचा धंदा. साहेब, साहेबांच्या बायका, शहरातले व्यापारी, सगळे इस्त्री करून आले. सावलीत वेताच्या खुर्च्या मांडल्या. रुखमा-शकुनला मात्र क्लबचे सेक्रेटरी मधुकरराव यांनी मैदानाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या रेघेला लागूनच, पोत्यावर बसवलं. पुढ्यात शेणकाल्याची बादली. मधल्या विसाव्यात उखडलेली जागा लिंपायची, एवढंच काम. मान म्हणून कोणी बसवलं नव्हतं, पण सगळ्या भंडाऱ्यात त्या खेळाच्या इतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं. चेंडू कानाजवळून सूं करून जायचा. खेळणारीचा श्वास ऐकू यायचा, घामाचा थेंब सारवणावर पडलेला दिसायचा.

"पाहा वं माय," शकुनबाई पुटपुटली, "खेळून पोट भरते यांचं! आपल्या बापाले कसं नाई सुचलं वं?"

"तुह्या बापाले तू सुचली तेच लय झालं," रुखमा म्हणाली. शकुन पदरात हसली. जाळीजवळ उंच खुर्चीवर एक माणूस बसला होता, मचाणावरून धान राखावं तसा.

त्या दोघींतली निळ्या झग्याची पोर रुखमाच्या बाजूला आली. अंगाने काटकुळी, वेणी घट्ट. तिने चेंडू उंच फेकला, वाकली, मारला. मारताना तिचा मागचा उजवा पाय जमिनीवरून ओढत पुढे आला.

रुखमा पोत्यावरून पुढे झुकली.

पाऊल, आणि मागे अंगठ्याची लांब रेघ. पुन्हा चेंडू, पुन्हा रेघ. बूट होते, पण रेघ तीच. लोक टाळ्या वाजवत होते. रुखमाला फक्त नदी ऐकू येत होती.

विसावा झाला. शकुन उठून लिंपू लागली. रुखमा रेघेजवळ उकिडवी बसली आणि बसूनच राहिली.

"बाई, काय पाहून राहिली?" मधुकरराव खेकसले. "हात मार लवकर. लोक थांबलेत."

"हे नाई लिंपत मी."

"काय?"

"बाकी सारं लिंपतो. एवढं नाई."

"शेण लावायला बोलावलं तुला, मर्जी विचारायला नाही!"

"मंग तुमीच लावा. हात भरतील तुमचे."

खुर्च्यांतून कोणीतरी हसलं. मधुकररावांनी पांढऱ्या पँटकडे पाहिलं आणि मागे सरले. शकुनने तिला दंडाला धरून पोत्यावर आणलं. "काहून वं, रुखमा? अंगात आलं काय?"

"चंदीची रेघ हाये ते."

शकुन बादलीतला शेणकाला ढवळू लागली. त्या डोंग्यातून वाचलेल्यांपैकी ती एक होती.

आता बाजू बदलल्या. इकडे दुसरी आली. उंच, दांडगी, केस कापलेले, चंद्रकांतेशी नखाचंही साम्य नाही. ती त्याच जागी उभी राहिली, चेंडू फेकला, वाकली, मारला. मागचा पाय ओढत पुढे आला. जुन्या रेघेशेजारी नवी रेघ उठली, तशीच.

रुखमाने डोळे चोळले. पुन्हा चेंडू, पुन्हा रेघ. आता कोणती कोणाची, सांगता येईना. जोर लावणाऱ्या कोणाचाही पाय ओढला जातो. नदीतून डोंगा रेतीवर रेटणाऱ्याचाही.

"शकुन," ती म्हणाली, "पाणी उतरलं त्या सकाळी डोंगा रेतीवरून वर कोणं रेटला होता?"

शकुनने खाली पाहिलं. "गावचेच माणसं होते. दोन-तीन जण. तू कधी पुसलंच नाई, माय. आन् तुह्या तोंडाकडे पाहून आमची जीभ नाई उचलली."

सामना कोण जिंकलं ते रुखमाला कळलं नाही. माणसं पांगल्यावर ती गेली, दोन्ही रेघांवर शेणाचा हात फिरवला, आणि पूल उतरून घरी येताच जागेश्वरला म्हणाली, "पळसाचे पानं आणा."

पुतळी जळली. रीतीप्रमाणे रुखमाने घरात कोपरा सारवला, वर पीठ पसरलं, दिवा ठेवला, त्यावर टोपली पालथी घातली. गेलेल्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलायला ती एकटी बसली.

"काही उमटलं काय?" जागेश्वरने दारातून विचारलं.

रुखमाने टोपली उचलली, पण मान भिंतीकडे फिरवली. न पाहताच पाण्यात हात बुडवला आणि पिठावरून फिरवायला घेतला. बोटांना ओल्या सारवणात एक लांबट ओरखडा लागला. उंदराचा असेल. टोपलीच घासली असेल.

"नाई," ती म्हणाली. "काहीच नाई."

मग हात तिथंच ठेवून, जागेश्वरला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू बोलली, "पाय उचल, पोरी," आणि जागा सारवून टाकली.